जुन्या पिकअपला बाबांचा होकार

३ तारीख, सोमवार

मशीन लावलं की बेचाळीस मिनिटं माझी. साबणाची पावडर पुरवणाऱ्याने दिलेली ही डायरी दोन महिने गल्ल्याखाली पडून होती. आजपासून लिहायची. डोक्यात इतकं कोंबलं आहे की एक गोष्ट आठवावी तर दुसरी सांडते.

मुख्य गोष्ट म्हणजे हॉस्पिटलचं काम मिळालं. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे, सगळं, रोजच्या रोज. अट एकच, आणि ती भांडाराच्या बाईंनी मला तीनदा वाचून दाखवली. कपडे न्यायला-आणायला स्वतःची बंद हौद्याची गाडी हवी, भाड्याचा टेम्पो चालणार नाही. अठ्ठावीस तारखेला बाई स्वतः गाडी बघणार आणि एक तारखेपासून काम सुरू. गाडी नसेल तर काम यादीतल्या पुढच्या नावाला जाणार.

याच कामाच्या भरवशावर मी मोठं मशीन घेतलं, इस्त्रीवर दोघीजणी ठेवल्या. काम गेलं तर त्या दोघींना घरी पाठवायचं आणि मी परत शेजारपाजारच्या कॉलरी घासत बसायचं.

नवी गाडी आवाक्याबाहेर आहे. जुनी डिझेल पिकअप पाहिजे, डिझेल कमी खाणारी, रोज साठ किलोमीटर निमूट पळणारी आणि हॉस्पिटलच्या दारात बंद न पडणारी. नवऱ्याला विचारलं. तो शाळेत भूगोल शिकवतो. म्हणाला, "पांढरी घे, ऊन कमी लागतं." झालं. संपला त्याचा सल्ला.

राहता राहिले सासरे. अडतीस वर्षं त्यांनी डिझेल इंजिनं उघडली. चार वर्षांपूर्वी चालतं गॅरेज एकाएकी दुसऱ्याच्या हाती दिलं आणि घरी बसले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. ते आणि सासूबाई खाली राहतात, आम्ही वर. माझं धुलाईचं दुकान रस्ता ओलांडला की समोर, पण त्यांचे पाय तिकडे एकदाही वळलेले नाहीत.

त्यांना विचारायचं अगदी जिवावर आलं होतं. तरी संध्याकाळी खाली गेले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी दोनदा "बाबा" म्हटलं, ढिम्म वळले नाहीत. सासूबाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा कुठे स्वारीने मान फिरवली. म्हणजे माझं तोंडही बघायला नको! मी सगळं सांगितलं. म्हणाले, "बघू."

५ तारीख, बुधवार

जुन्या गाड्यांच्या तळावर गेलो. मी, सासरे, आणि हो, सासूबाईसुद्धा. गुडघे दुखतात म्हणून ज्या जिना चढत नाहीत, त्या दोन तास धुळीत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही कशाला?" तर म्हणाल्या, "मला घरात बसून कंटाळा येतो." इतक्या वर्षांत हा कंटाळा कुठे दडला होता कोण जाणे.

तळ म्हणजे मोठं मैदान. गाड्या ओळीने उभ्या, मध्ये पत्र्याची खोली, खोलीत दलाल. आम्ही आत पाऊल टाकलं आणि दलाल ओरडला, "आले! कान आले!" तिथे सासऱ्यांना सगळे 'कान' म्हणतात. एक लोखंडी सळई असते त्यांच्याकडे, हातभर लांब. तिचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला. त्यावरून हा माणूस इंजिनाच्या आत काय बिघडलं आहे ते सांगायचा. त्यांनी मान हलवली की गाडी त्याच दिवशी जायची आणि नाक मुरडलं की महिनाभर उभी राहायची. हे मला आज कळलं. घरात कुणी बोललं नव्हतं.

पहिली गाडी पांढरी होती (नवरा खूश झाला असता). सासऱ्यांनी आधी बॉनेटवर तळवा ठेवला. गरम होतं. "आधी चालवून ठेवलीय," म्हणाले, "गार इंजिन कसं उठतं ते लपवायचंय याला." मग आत वाकून क्लचचा पेडल बघितला. मीटरवर सत्तर हजार आणि पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. "मीटर मागे फिरवलाय. चला." सगळं पाच मिनिटांत. मानलं मी त्यांना, खोटं कशाला लिहू.

एकच खटकलं. दलाल काहीही बोलला की सासूबाई मध्ये तोंड घालत होत्या. "अहो, ते म्हणतायत गाडी एकाच हातची आहे." "अहो, ते विचारतायत चालवून बघायची का." ते समोर उभे असताना हा दुभाषा कशाला? माणसाला जरा बोलू तरी द्यावं.

९ तारीख, रविवार

दुसरी गाडी बघितली. लाल. चालू केली मात्र, असा काही कर्कश आवाज आला की मी कान दाबले. पट्टा घसरत होता. चिरकत होता नुसता. दलालाच्या खोलीतली माणसं बाहेर आली बघायला. सासरे मात्र शांत. सळई लावून उभे राहिले आणि म्हणाले, "इंजिनाला आवाज नाही."

दलाल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. सासूबाईंनी घाईघाईने त्यांची बाही ओढली, खाली हौद्याकडे बोट दाखवलं. तिथे गंजलेल्या पत्र्यावर नवा रंग फासला होता. सासरे म्हणाले, "हौदा सडलाय. नको."

मी विचार केला तेव्हा पटलं. पट्टा काय, कुणीही बदलतो. मुरलेला माणूस अशा किरकोळ गोष्टीकडे लक्षच देत नसणार. गंज मात्र सासूबाईंना आधी दिसला, ही गंमत.

११ तारीख, मंगळवार

भाड्याचा टेम्पोवाला आज दीड तास उशिरा आला. 'चाचणी' म्हणून हॉस्पिटलने दोन गठ्ठे दिले होते, ते धुऊन घेऊन पोहोचले तर भांडाराच्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना टेम्पोवाला म्हणतो, "ताई, एवढं काय मनाला लावून घेता." मी त्याला म्हटलं, "तू गाडीकडे बघ."

१४ तारीख, शुक्रवार

आज मी इतकी चिडले आहे की अक्षर वाकडं येतंय.

करड्या रंगाची पिकअप. एका रोपवाटिकेची, मालक स्वतः चालवायचा. बॉनेट गार. एका चावीत उठली. सुरुवातीला जरासा काळा धूर, मग काही नाही. काळा म्हणजे डिझेल, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा राहिला तर पाणी आत शिरतंय. हे आता मलाही पाठ झालंय. ऑइलचं झाकण उघडून बघितलं, वाफेचे भपकारे नाहीत. म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत.

मग ॲव्हरेज. टाकी काठोकाठ भरली, मालकाला शेजारी बसवून मी स्वतः पन्नास किलोमीटर चालवून आणली, परत त्याच पंपावर, त्याच नळीने काठोकाठ भरली. लिटरला चौदाच्या जरा खाली. यापेक्षा जास्त कुणी सांगितलं तर तो थापा मारतोय, असं सासऱ्यांनीच मला सांगितलं होतं.

मग सळई. सासरे ती कानाला लावून उभे राहिले. डोळे मिटलेले. एक मिनिट, दोन मिनिटं. सळई पुढे सरकवली, परत मागे आणली, मग दुसऱ्या कानाला लावली. मालक घड्याळ बघू लागला. सासूबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. सासऱ्यांनी डोळे उघडले, सळई फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "नको."

"का?"

"रंग बरा नाही."

रंग! हॉस्पिटलची गलिच्छ चादर काय गाडीचा रंग बघून आत बसणार आहे? मी तिथल्या तिथे काही बोलले नाही. मोठ्या माणसाचा मान ठेवला. पण आता लिहिते. या माणसाला माझं दुकान नको आहे. सरळ नाही म्हणायची सोय नाही, म्हणून गाड्यांना नाही म्हणत सुटलेत. चौदा दिवस उरलेत आणि यांना रंग सुचतोय.

१५ तारीख, शनिवार

सकाळी खाली जाऊन सासूबाईंना ऐकवलंच. म्हटलं, "बाबांना नको असेल तर तसं सांगा. मी दुसरा मेकॅनिक बघते. दोन पोरींच्या घरची चूल माझ्या दुकानावर आहे." सासरे आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. मी मुद्दाम मोठ्याने बोलले, त्यांना ऐकू जावं म्हणून. त्यांनी हूं की चूं केलं नाही. पेपरचं पान उलटलं फक्त. असा राग आला!

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तसं नाही गं," म्हणाल्या.

"मग कसं?"

"त्यांना थोडा वेळ दे."

"वेळ माझ्याकडे तेरा दिवस आहे, आई."

त्या डोळे पुसत आत गेल्या. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "बाबा पहिल्यापासून हट्टी. गॅरेजही असंच हट्टाने सोडलं." आणि वह्या तपासायला बसला.

१८ तारीख, मंगळवार

नवल घडलं. दुपारी तीनला सासरे दुकानात. हातात सळई. इस्त्रीवाल्या दोघी उभ्याच राहिल्या. दोन्ही मशीनं चालू, ड्रायर चालू, बोललेलं बोलणाऱ्यालाही ऐकू येत नाही असा गोंगाट. ते माझ्यासमोर येऊन, अगदी तोंडासमोर उभे राहून म्हणाले, "शिकून घे."

"काय?"

"हे." सळई माझ्या हातात दिली. जुन्या मशीनच्या मागच्या बाजूला एक टोक टेकवायला लावलं, दुसरं कानामागच्या हाडाशी. "काय येतंय?"

मी म्हटलं, गरगर येतेय. ते म्हणाले, "गरगर सगळ्यांनाच येते. तिच्याखाली काय आहे?" परत ऐकलं. बऱ्याच वेळाने कळलं, खाली एक बारीक खरखर आहे, दर फेरीला एकदा. तसं सांगितलं. "तोंडाने नको. ठोकून दाखव." हात पुढे केला. मी त्यांच्या तळहातावर बोटाने ठोकलं, खर, थांबा, खर, थांबा. त्यांनी मान खाली घातली होती. माझ्या बोटाकडे बघत होते. "बेअरिंग," म्हणाले. "महिनाभर चालेल. आधीच बदल."

मग दोन तास हेच. नवं मशीन, ड्रायर, पाण्याचा पंप, प्रत्येक ठिकाणी सळई लावायची, ऐकायचं, तळहातावर ठोकायचं. एकदा मी कंटाळून अंदाजे ठोकलं, तर लगेच म्हणाले, "खोटं बोलतेस. असा आवाज कुठल्या यंत्रातून येत नाही." कसं ओळखलं देव जाणे. जाताना म्हणाले, "उद्या दूधवाल्याच्या गाडीवर करू. डिझेल आहे."

म्हातारपणी माणसाला शिष्य लागतो, असं मला वाटतं. मी वेड्यासारखी ठोकत बसले खरी, पण गाडी कुठे आहे? इस्त्रीवाल्यांपैकी थोरली म्हणाली, "ताई, तुमचे सासरे किती छान शिकवतात." मी म्हटलं, "हो, आता परीक्षा कधी आहे तेवढं विचार."

बेअरिंगवाल्याला मात्र फोन करून ठेवला.

२१ तारीख, शुक्रवार

करडी गाडी विकली गेली. आज मी एकटीच गेले होते तिच्यासाठी, सासऱ्यांना न सांगता. रोपवाटिकेवाला म्हणाला, "बाई, तुमच्या माणसाने नको म्हटलं, मग मी काय करणार? खरं सांगू का, कानांनी नाकारली म्हटल्यावर किंमतही पाडून द्यावी लागली." त्याचंही बरोबर आहे. माझ्यामुळे त्याचंही नुकसान झालं, मला लाज वाटली.

गेले तीन दिवस दूधवाल्याच्या गाडीवर सळई लावून टिकटिक ऐकतेय. चार नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्या, त्यांच्या चार टिकटिकी, एकसारख्या पडायला हव्यात. दूधवाल्याच्या एकसारख्या पडतात. दूधवाला म्हणाला, "वहिनी, माझ्या गाडीचा ताप मोजताय काय?" सगळी गल्ली हसली.

मला हसू आलं नाही. सात दिवस उरले. रात्रीचं जेवण गेलं नाही.

२४ तारीख, सोमवार

सकाळी दहाचं आज दुपारी चारला लिहितेय. जसं झालं तसं लिहिते.

दलालाचा फोन आला होता. निळी पिकअप, एका बेकरीची, हौदा आधीपासूनच बंद. नऊ वर्षांची. आणि गिऱ्हाईक आधीच उभं आहे, एक अंडीवाला व्यापारी. सासरे म्हणाले, "चल." सासूबाईंचे गुडघे सुजले होते, त्यांना उठवेना. दारापर्यंत भिंत धरत आल्या आणि माझा दंड घट्ट पकडून म्हणाल्या, "त्यांच्या जवळ राहा. लांब जाऊ नकोस." जणू काही मी लहान मूल घेऊन जत्रेत चालले होते.

तळावर दहा-अकरा माणसं. अंडीवाला पैसे खिशात घेऊन आला होता, पण थांबला होता. दलालानेच सांगितलं, "हे म्हणतायत, कान आधी ऐकू देत, मग मी बोलतो." म्हणजे तो फुकटात सासऱ्यांचा निकाल घेणार. हुशार माणूस.

बॉनेट गार. पेडलची झीज मीटरशी जुळणारी. सांगाड्याच्या खालच्या पट्ट्या सरळ, वेल्डिंग नाही, मागचे स्प्रिंगचे पाटे धड. पहिल्या चावीला उठली. सासऱ्यांनी ऑइलचं झाकण काढून भोकावर तळवा धरला, बराच वेळ. "दम आहे," म्हणाले. "रिंगा चांगल्या." मग सळई काढली. अंडीवाला जवळ सरकला.

सळई कानाला लावून ते उभे राहिले. पहिला नोझल. दुसरा. परत पहिला. मी शेजारीच होते, त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. सकाळची वेळ, ऊनही नव्हतं. मला वाटलं, आता हे म्हणणार, रंग बरा नाही. मी देवाला म्हटलं, आज नको, आज तरी नको.

त्यांनी सळई कानापासून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"तू ऐक," म्हणाले. मोठ्याने. गॅरेजात म्हणत असतील तसं. "मला ऐकू येत नाही. गडगड येते, टिकटिक येत नाही. चार वर्षं झाली."

कुणीतरी हसलं. दलाल म्हणाला, "काय मालक, सकाळी सकाळी थट्टा." सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत होते, माझ्या तोंडाकडे. त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं आणि माझा चेहरा पेटल्यासारखा झाला. पट्टा. उघडं दार. पेपरचं उलटलेलं पान. करडी गाडी. जिचा आवाज येत नाही तिला हो म्हणायचं नव्हतं त्यांना. माझं काम बुडवायचं नव्हतं म्हणूनच नाही म्हणत होते, आणि मी काय काय लिहून ठेवलं आहे इथे! ते खोडणार नाही. राहू दे.

मी सळई घेतली. कानामागच्या हाडाला लावली. माझ्याच छातीची धडधड आधी ऐकू आली. मग गडगड. मग तिच्याखाली टिकटिक. पहिला. दुसरा. तिसरा मागे राहत होता. चौथा ठीक. परत तिसरा. नक्की मागे.

सासऱ्यांनी हात पुढे केला. अकरा माणसांदेखत मी त्यांच्या तळहातावर ठोकलं.

"तिसरा," ते म्हणाले.

"तिसरा, बाबा."

"त्याच्या आसपास ठक-ठक? खालून? जड?"

"नाही. नुसता उशिरा."

"परत ऐक. घाई नको."

परत ऐकलं. खालचं काही नव्हतं. तसं सांगितलं.

"नोझल," म्हणाले. "अर्ध्या दिवसाचं काम. इंजिन चांगलं आहे. घे."

अंडीवाल्याला काही ठरवता येईना. कुणाचं खरं धरावं, ऐकू न येणाऱ्याचं की कालपर्यंत चादरी धुणाऱ्या बाईचं? तो दलालाकडे बघत होता, दलाल त्याच्याकडे. मी म्हटलं, "मी घेतली." विसार दिला. पन्नास किलोमीटर चालवायची राहिली होती, ती कागद होण्याआधी उद्या चालवायची, असं ठरलं.

निघताना दलाल मला म्हणाला, "सासऱ्यांना सांगा, उद्या अकराला या." सासरे हातभर अंतरावर उभे होते. इतकी वर्षं हा माणूस त्यांना लांबून हाका मारायचा. आज त्याने त्यांना वगळून टाकलं, एका मिनिटात. मी म्हटलं, "त्यांच्याकडे तोंड करून बोला. ओठ बघून कळतं त्यांना." तो गोंधळला. मग त्यांच्याकडे वळून उगाचच मोठ्याने ओरडला, "उद्या! अकरा!"

"अकरा," सासरे म्हणाले.

घरी येताना एकच विचार डोक्यात होता. परत तळावर त्यांना कुणी गाडी ऐकायला बोलावणार नाही. माझ्या धुलाईच्या गठ्ठ्यांसाठी त्यांनी तेवढं देऊन टाकलं आणि मी साधं काही म्हणूही शकले नाही. काय म्हणणार होते?

२५ तारीख, मंगळवार

चालवून बघितली. लिटरला चौदा. घेतली.

सासूबाईंना विचारलं, मला का नाही सांगितलंत. म्हणाल्या, "त्यांनी शपथ घातली होती. गॅरेजात एकदा एकाचं चांगलं इंजिन यांनी खराब म्हणून उघडलं. त्यानंतर सळई फडक्यात बांधून ठेवली." मग पुढे म्हणाल्या, "तू आलीस तेव्हा त्यांना वाटलं, नजरेनेच निभावेल. पेडल, गंज, धूर. करडीपाशी सगळंच चांगलं निघालं, तिथे घोडं अडलं."

नवरा मान खाली घालून ऐकत होता. बापाला ऐकू येत नाही हे त्यालाही आजच कळलं. मग खाली जाऊन त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला. काय बोलले ते माहीत नाही. मी वरच थांबले.

२८ तारीख, शुक्रवार

नोझल बदलला. सासऱ्यांनी स्वतः, अंगणात. मी पाने-पक्कड देत होते. चालू केल्यावर सळई माझ्या हातात दिली, मी तळहातावर ठोकलं, चारही एकसारखे. त्यांनी मूठ मिटली.

भांडाराच्या बाई बरोबर दहाला आल्या. हौद्यात चढल्या, कोपऱ्यांतून बोट फिरवलं, बोट बघितलं. दार तीनदा उघडून बंद केलं. "जुनी आहे," म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"बंद पडली तर?"

सासरे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "मी आहे," म्हणाले.

बाईंनी सही केली.

१ तारीख, सोमवार

पहिली फेरी झाली. गाडी सकाळच्या गारठ्यात एका चावीला उठली. अठरा गठ्ठे आणले. इस्त्रीवाल्या दोघींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि धाकटी म्हणाली, "आपली गाडी." कोणीच तिची चूक दाखवली नाही.

दुपारी दोनला मशीन लावून घरी गेले, सासूबाईंना सांगायला. खालचं दार बंद. बेल वाजवली. परत वाजवली. कडी आपटली. सासूबाई पहिल्या हाकेला दार उघडतात, आजवर कधी दुसरी हाक मारावी लागलेली नाही. माझा जीव घाबरा झाला. मागच्या दाराने आत धावले.

सासरे खिडकीशी पेपर वाचत होते. सासूबाई पलंगावर आडव्या, तोंड उघडं, गाढ झोपलेल्या. भर दुपारी. एक हात पलंगाखाली लोंबत होता.

मी काही बोलणार तेवढ्यात सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. उठून जवळ आले आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांना वाटत होतं तेवढा हळू नव्हता तो, म्हणाले, "चार वर्षांत दुपारी पडली नव्हती. दार वाजलं, फोन आला, कुणी हाक मारली, मला कळायचं नाही ना. म्हणून जागी राहायची. आता म्हणते, लपवायचंय कुणापासून, मी झोपते."

मला रडू आलं. तिथेच, त्यांच्यासमोर. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परत पेपरकडे गेले.

समोर मशीन केव्हाच थांबलं असेल. थांबू दे. मी पुढच्या दाराशी पाट घेऊन बसले आहे आणि हे लिहिते आहे. कुणी आलं तर मी उघडीन.